साखळी कुणी सोडली?

आत्ता तुमच्यापुढे बोलायला येताना त्या खांबाआडून कानावर आलं — "सतरंज्या आपण झटकायच्या, आपणच अंथरायच्या; अन् शाल-नारळ त्या खुर्चीवाल्यांना!" कोण बोललं ते सांगणार नाही. घाबरू नका, मावशी!

पण मंडळी, प्रश्न खरा आहे. ज्यानं धरून ठेवलं त्याचं नाव कुणी घेत नाही, हे पाप कुणाचं? न घेणाऱ्यांचं? की तोंड मिटून धरत बसलेल्याचं? लगेच माना डोलवू नका. आधी ऐका!

एका तालुक्याच्या कॉलेजात रंगनाथ डुबल नावाचे गृहस्थ होते. मुलींच्या कबड्डी संघाचे सहायक प्रशिक्षक. काम काय? चढाई नाही हं शिकवायची! चढाईवालीला टाळ्या, चढाईवालीचा पेपरात फोटो. डुबलांनी शिकवायची साखळी. दोघींनी एकमेकींचं मनगट धरून उभं राहायचं, अन् समोरून चढून आलेलीला परत जाऊ द्यायचं नाही. बस्स! सव्वीस वर्षं एवढंच!

पण शिकवायचे कसे? दोन पोरींची मनगटं ओल्या टॉवेलनं बांधायचे — सकाळपासून दुपारपर्यंत! पाणी प्यायचं तर दोघींनी वाकायचं. एकीला ठसका लागला तर दुसरीनं पाठ चोळायची. पहिल्या दिवशी भांडायच्या, तिसऱ्या दिवशी एकीनं श्वास घेतला की दुसरीला कळायचं. अन् एवढ्या वर्षांच्या कात्रणांत डुबलांचं काय आहे? एक कोपर! एका फोटोच्या कडेला आलंय. बायकोनं तेही जपून ठेवलंय.

तेवढ्या वर्षांत पाच मुख्य प्रशिक्षक आले. जिंकलो — मुख्यांचं डोकं! हरलो — डुबलांची साखळी! वा रे न्याय! वर नोकरी कायमची नाही. दर जूनला प्राचार्यांपुढे उभं राहायचं, "सर, यंदाही येऊ ना?" पांढऱ्या मिशा झाल्या, तरी "येऊ ना?"

पाचवे मुख्य म्हणजे मानसिंग जगदाळे. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा — छपराखाली! ऊन कुठंय, असं विचारायचं नाही!

यंदा विभागाचा अंतिम सामना. प्राचार्यांनी आधीच बजावलेलं, "डुबल, हरलो तर जूनला येऊ नका."

शेवटचं मिनिट. आपण एका गुणानं पुढे. पलीकडची शेवटच्या चढाईला आली. उजव्या कोपऱ्यात प्रतीक्षा पिसाळ, तिच्या मुठीत रुबीना मुल्लाचं मनगट. घट्ट! थांबून राहिल्या असत्या तरी सामना खिशात होता. पण कडेला व्हिडिओवाला उभा ना! जगदाळे बाकावरून ओरडले —

"प्रतीक्षा, हात सोड! एकटीनं झेप घे! कॅमेऱ्यात येऊ दे!"

डुबल शेजारीच बसलेले. 'सोडू नको' — दोनच शब्द. जिभेवर आले, ओठांपर्यंत आले, अन् डोळ्यांपुढे जून उभा राहिला. गिळले हो! सव्वीस वर्षं 'हात सोडू नका' म्हणणारा माणूस, नेमका त्या क्षणी मुका!

पोरीनं हात सोडला, झेपावली, हुकली. चढाईवालीनं तिला शिवलं, उलट्या पावली रुबीनाला शिवलं, अन् रेषेपार! दोन गुण! गेला सामना.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत बैठक. प्राचार्य, क्रीडा समितीचे दोघे, जगदाळे, डुबल, अन् कप्तान म्हणून प्रतीक्षा. जगदाळेंनी चष्मा पुसला. "साखळीच कच्ची होती, सर. माझा नाइलाज."

समितीचे दोघे चहाच्या कपात बघायला लागले. अहो, बाकाच्या मागच्याच रांगेत बसले होते की काल! प्राचार्यसुद्धा! सगळ्यांनी ऐकलेलं. पण जगदाळेंचे मामा संस्थेचे उपाध्यक्ष! मग कान काय करणार बिचारे?

"डुबल, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नाही, सर."

नाही! भला माणूस हं डुबल. देवमाणूस! आपणही असंच म्हणतो ना, मंडळी? गप्प बसला की देवमाणूस! सोसलं की संत! अहो, भित्र्याला इतकी गोड नावं आपण ठेवतो, कारण उद्या तीच आपल्याला हवी असतात! तुम्ही त्या खोलीत असता तर काय केलं असतंत? खरं सांगा. बिस्कीट बुडवलं असतंत! मीही बुडवलं असतं — दोन!

प्राचार्यांनी पेन उघडलं. "मग जूनपासून डुबलांना..."

प्रतीक्षा उठली. खुर्ची मागे आपटली तिची.

"साखळी कच्ची नव्हती, सर. जगदाळे सरांनी 'हात सोड' म्हणून ओरडून सांगितलं, म्हणून मी सोडला. तुम्ही तिघांनी ते ऐकलंय."

मग ती डुबलांकडे वळली. डोळे भरलेले, आवाज नाही भरलेला.

"आणि सर, तुम्हीही ऐकलंत. मी हात सोडण्याआधी तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही मान खाली घातलीत."