स्टोकर्स अजून बाद नाहीत

रेनाटा: बाबा, तो रेडिओ बंद करा आणि माझ्याकडे बघा. हॉस्पिटलच्या बाई पाच वाजता टेबल आवरून घरी जातात.

झिगमुंट: बघतो तुझ्याकडे. रेडिओ राहू दे. बोल.

रेनाटा: सोमवारच्या ऑपरेशनमधून एकाने नाव काढून घेतलंय. ती जागा तुम्हाला देतायत. पाचच्या आत हो म्हणायचं, नाहीतर ती यादीतल्या पुढच्याला. मग आपला नंबर थेट डिसेंबरात.

झिगमुंट: डिसेंबर झकास. डिसेंबरात बेसबॉल नसतो.

रेनाटा: हृदयाची झडप आहे ती, बाबा, दाढ नाही. डॉक्टर म्हणाले डिसेंबरपर्यंत थांबणं म्हणजे जुगार. परवा गवत कापताना आडवे झालात.

झिगमुंट: ऊन लागलं.

रेनाटा: ऊन? तळ्यावरून वारा सुटला होता, मी स्वेटर घालून आले होते. शेजारच्या क्रिस्टिनाने पाहिलं म्हणून, नाहीतर यंत्र तसंच चालत राहिलं असतं आणि तुम्ही गवतात.

झिगमुंट: क्रिस्टिनाला सांगायची गरज नव्हती. हे, ऐक ऐक...

रेडिओ: ...आणि चेंडू सरळ हातात! अकरावा डाव संपला, मंडळी, अजूनही चार-चार. हा डाव तुमच्यापर्यंत आणला होता तळघरात पाणी शिरलं तर हमखास आठवणाऱ्या...

झिगमुंट: दोन माणसं बेसवर उभीच राहिली, आणि होल्ट तर डावाच्या सुरुवातीलाच बाद. तीस कोटी डॉलर मोजलेत ह्या होल्टला! तीस कोटीत मी नुसता उभा राहिलो असतो, आणि ह्याच्यापेक्षा बरा दिसलो असतो.

रेनाटा: मग सोडा ना त्या स्टोकर्सना. बिअरच्या प्रत्येक बाटलीवर त्यांच्या मैदानाचा कर भरता. तिकीट परवडत नाही म्हणून ओट्यावर बसून रेडिओ ऐकता. आणि ते वर्षभर मार खातात.

झिगमुंट: अजून बाद नाही झाले. सहा सामने आहेत आजचा धरून, आणि आपण सहाने मागे. सगळे जिंकलो तर...

रेनाटा: आणि ते पहिल्या नंबरवरचे वाळवंटवाले सगळे हरले तर.

झिगमुंट: हां. हरू शकतात. माणसंच आहेत ती.

रेनाटा: आज सकाळी काय ठरलं आपलं? शब्द दिलाय तुम्ही.

झिगमुंट: दिलाय. आज आपण हरलो, किंवा तिकडे वाळवंटवाले जिंकले, की आपण बाद. बाद झालो की सोमवारी मी तुझ्या गाडीत. आम्ही व्होयतोविच शब्द फिरवत नाही.

रेनाटा: मी परस्पर हो सांगितलं तर?

झिगमुंट: तर सोमवारी गाडीत पिशवी घालून ने. मी नाही बसणार.

रेनाटा: कुठपर्यंत आलाय तिकडचा सामना?

झिगमुंट: सातवा डाव. एकाने पुढे आहेत ते. अजून बराच बाकी आहे.

रेनाटा: चार चाळीस झालेत.

झिगमुंट: बाई, तू घड्याळ बघू नकोस, तुझ्यामुळे मला पण दिसतं. ...आता आपले गोलंदाजीला. हा नवीन पोरगा. देवा, ह्याला तर मिसरूडही फुटलं नाही, रेडिओवरून कळतंय मला.

रेडिओ: ...लांब मारलाय, उजवीकडे, मागे, अजून मागे... आणि धरला! भिंतीला टेकून धरला!

झिगमुंट: वाऽ! ...रेनी.

रेनाटा: काय?

झिगमुंट: तू आत्ता काय पुटपुटलीस? चेंडू हवेत असताना.

रेनाटा: काही नाही.

झिगमुंट: ओठ हलले तुझे.

रेनाटा: "पलीकडे जा" म्हटलं. चेंडूला. पडू दे म्हटलं भिंतीपलीकडे.

झिगमुंट: माझ्या ओट्यावर बसून?

रेनाटा: तुमच्याच ओट्यावर. दुपारपासून म्हणतेय. दर चेंडूला म्हणतेय. आयुष्यात पहिल्यांदा. मला स्वतःची लाज वाटतेय आणि तरी म्हणतेय, कारण ते हरले तर तुम्ही वाचता.

झिगमुंट: तुझ्या आईने ऐकलं असतं तर...

रेनाटा: आई असती तर सकाळीच कॉलर धरून नेलं असतं तुम्हाला. घाबरलाय तुम्ही, बाबा. सरळ म्हणा ना, घाबरलोय.

झिगमुंट: घाबरलोयच! छाती फाडणार आहेत, घाबरू नको तर काय नाचू? पण ते वेगळं. सत्त्याऐंशी साल आठवतं तुला?

रेनाटा: हर्निया.

झिगमुंट: हर्निया. डॉक्टर म्हणाला, आजच करू. मी म्हटलं, आज आपला निकालाचा सामना आहे. तुझी आई म्हणाली, ते कुठे जिंकणारेत, पडा गप. पडलो. भूल दिली. साठ वर्षांत एकदाच ह्या लोकांनी मोठं काही केलं, आणि मी तेव्हा तोंड उघडं टाकून झोपलेलो.

रेनाटा: मी सांगितलं होतं तुम्हाला. शुद्धीवर आलात तसं. बाहेर रखवालदाराच्या रेडिओपाशी आख्खा सामना उभी होते मी.

झिगमुंट: तू म्हणालीस, "बाबा, जिंकलो." मी म्हटलं, "कोण?" नऊ वर्षांची होतीस. ढसाढसा रडलीस. आता पुन्हा डोळे मिटायचे म्हणजे... ते बाद झालेत हे कळू दे मला आधी. एवढंच मागतोय.

रेनाटा: मी काय करू तुमचं? सांगा ना, काय करू? उचलून नेऊ?

झिगमुंट: बस. बस इथे. आपली बॅटिंग आली.

रेडिओ: ...बाराव्या डावाचा उत्तरार्ध, दोन बाद, तिन्ही बेसवर स्टोकर्सचे गडी. एक धाव, मंडळी, एकच, आणि सामना खिशात. समोर येतोय क्विन्सी होल्ट, ज्याला ह्या महिन्यात एकही...

झिगमुंट: संपलं. लाव फोन. हा काय मारणार?

रेनाटा: थांबा जरा.

झिगमुंट: लाव म्हणतो ना!

रेनाटा: थांबा हो! दोन चेंडू गेले. तिसरा हुकला की बाद. अरे, हलव की बॅट, खांबासारखा काय उभा... होल्ट! होल्ट, बाबा रे!

रेडिओ: ...आणि लागला! चेंडू होल्टच्या पाठीवर! अंगाला लागला म्हणजे बेस फुकट, सगळे एकेक बेस पुढे, आणि तिसऱ्यावरचा चालत घरी! स्टोकर्स जिंकले! पाठीवर मार खाऊन जिंकले!

रेनाटा: जिंकलोऽऽ! बाबा! जिंकलो! तीस कोटींची पाठ! तीस कोटी वसूल! क्रिस्टिना, ऐकलंस का, जिंकलो!

झिगमुंट: हळू, हळू, कुंपण पाडशील.

रेनाटा: पाठीवर! हे फक्त आपलेच करू शकतात! काय वेडी माणसं आहेत! दुसऱ्या कुठल्या गावात असं... हसताय काय नुसते?

झिगमुंट: तुला बघतोय.

रेडिओ: ...पण मंडळी, आनंदात विरजण. वाळवंटातला निकाल नुकताच हाती आलाय. ते तीन-दोनने जिंकलेत. म्हणजे आजच्या विजयानंतरही स्टोकर्सचा हंगाम इथेच संपतो. ओला झालेला तळघराचा कोपरा मात्र...

रेनाटा: म्हणजे बाद?

झिगमुंट: बाद. जिंकून बाद. ...बरं, शब्द म्हणजे शब्द. लाव त्या बाईंना फोन. सोमवारी येतो म्हणावं म्हातारा.

(पलीकडे घंटा वाजते, मग मशीन बोलतं : कार्यालय पाच वाजता बंद होतं.)

रेनाटा: किती वाजले?

झिगमुंट: पाच चार.

रेनाटा: देऊन टाकली असेल जागा. पाचच म्हणाल्या होत्या, एक मिनिट पुढे नाही म्हणाल्या होत्या. निरोप ठेवला तरी... सकाळी पुन्हा लावते. पाया पडते त्यांच्या. बाबा, मला घड्याळाचं भानच राहिलं नाही. तुम्ही फोन लाव म्हणालात आणि मी थांबा म्हटलं. मी थांबा म्हटलं तुम्हाला!

झिगमुंट: तू "जिंकलो" ओरडलीस तेव्हा चार अठ्ठावन्न झाले होते.

रेनाटा: तुम्हाला दिसत होतं?

झिगमुंट: समोरच तर टांगलंय. सांगणार होतो. पण तू उड्या मारत होतीस, रेनी. तुझी आई गेल्यापासून तुला असं कधी पाहिलं नव्हतं मी. म्हटलं, दोन मिनिटं असू दे.

रेनाटा: असं करतं का कुणी?

झिगमुंट: नाही करत. माहितेय.

रेनाटा: निरोप तरी ठेवते त्यांच्यासाठी.

झिगमुंट: उद्या स्टोकर्सना सुट्टी आहे. परवा सातला आहे सामना, इथेच. आता त्याला अर्थ नाही काही. तू नाही आलीस तरी चालेल.

रेनाटा: येणार आहे मी. मी आल्याशिवाय रेडिओ लावू नका.