चाळीस खोडून वीस

नाही हो, अर्जात काही चुकलं नाहीये — विज्ञान सोडून कला शाखा, कारण 'भौतिकशास्त्र जमत नाही', खाली तुमची सही — फक्त विषयशिक्षिका म्हणून माझी राहिलीय. बसा ना. ट्रक नीट लावलाय ना गेटबाहेर? मग बसा. लेकीनं घरी काय सांगितलं? एवढंच? डोकं चालत नाही म्हणाली? — माझं नाव नाही घेतलं?

तसे अकरावीत आल्या आल्या सगळेच गडबडतात. वेग, त्वरण, ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल — त्या दिवशीही तेच चाललं होतं. ताशी छत्तीस किलोमीटरनं जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर दहा मीटरवर थांबते, तर तीच गाडी बहात्तरनं जात असेल तर किती मीटरवर? मी फळ्यावर लिहिलं, वीस. वेग दुप्पट, अंतर दुप्पट — घाईत लिहिलं, तास संपत आला होता. तर तुमची लेक उभी राहिली. "मॅडम, चाळीस." कशावरून, म्हटलं. म्हणाली, "बाबा ट्रक चालवतात. ते सांगतात, वेग दुप्पट केला की थांबायला चौपट रस्ता लागतो." आता यावर मी काय म्हणावं? म्हटलं, "मग बाबांनाच पाठव शिकवायला, मी चालवते ट्रक." वर्ग हसला. हसणारच, मी हसवलंच होतं त्यांना. ती उभीच — मी बस म्हणेपर्यंत उभी. आणि मी बराच वेळ म्हटलं नाही.

फळा पुसायला वळले तेव्हा लक्षात आलं. सूत्रात वेगाचा वर्ग असतो, दोनाचा वर्ग चार — चाळीसच. एकोणीस वर्षं शिकवतेय मी हे. तेव्हाच वळून म्हणायचं होतं, पोरी, तुझंच बरोबर. घंटेला पाच मिनिटं होती. मी फळा पुसत राहिले — स्वच्छ झाला तरी पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी सूत्र नीट शिकवलं, पण ते गणित काही पुन्हा घेतलं नाही.

मग चाचणीत तेच आलं, पेपर दुसऱ्या सरांनी काढला होता. तिनं सगळं बरोबर मांडलंय — वेगाचा वर्ग, पायरीन् पायरी, उत्तर चाळीस — आणि ते खोडून वीस. मी सांगितलं होतं म्हणून खोडलं तिनं. आणि मी? उत्तर चूक म्हणून फुली मारली. शून्य. पायऱ्यांचे गुण देता येतात हो, इतरांना देते मी. तिचा पेपर डोळ्यांसमोर नको होता, झटकन पुढचा ओढला.

रागवा हवं तर. पाणी घेता? नको. बरं.

सांगेन मी तिला. उद्या. आज तपासणीला लोक यायचेत, त्यामुळे — नाही, कुणी येत नाहीये. खोटं बोलले. तिला एकटीला इथं बोलवावं, दार लावून सांगावं, असं ठरवत होते. पण हसला होता तो अख्खा वर्ग — सांगायचं तर त्यांच्यासमोरच.

घंटा झाली. तिच्याच वर्गावर तास आहे माझा. अर्ज राहू दे इथं, सही करणार नाही मी. तुम्ही निघा आता. खरंच, जा — तुम्ही दारात उभे राहिलात तर माझं पाऊल वर्गात पडायचं नाही.