सुईसकट स्वेटर

परवाचंच सांगतो. आमची ताई भाताला आधण ठेवून, पोरांचा अभ्यास घेता घेता घरातल्या सगळ्यांचे स्वेटर विणायची. गेल्या महिन्यात ती गेली. माझ्या स्वेटरची दुसरी बाही कोपरापर्यंतच झाली होती. भिसेगावातल्या काकू म्हणाल्या, "आण, मी पुरी करते."

नेला. काकूंनी वीण चाचपली. "तिचा हात घट्ट हाय रं, माझा जुळायचा नाय. ही अर्धी बाही उसवून खांद्यापासून घेते." आणि त्या सुई काढायला लागल्या.

मी ओरडलोच, "उसवायचं नाय!" हिसकावून स्वेटर सुईसकट अंगात घातला आणि तसाच टेंपोवर कामाला गेलो. ड्रायव्हर हसत म्हणाला, "काय रं, ही सुई कसली लोंबतेय?"

तोंडातून निघून गेलं, "ताई विणतेय अजून."