वहीतलं अकरावं नाव

मी मूळचा कोल्हापूरचा, दिनकर माझं नाव, आणि कोल्हापूरचा म्हणल्यावर लोक आधी रश्श्याचं विचारतात, मग कुस्तीचं, पण आमच्या पेठेत खरं वेड फुटबॉलचं, काय सांगू तुम्हाला ताई, हे पण तुमच्या वहीत लिहून घ्या, मॅच असली की साखरपुडा पुढं ढकलतील पण मॅच चुकवणार नाहीत. वडील शिंपी, आणि आमच्याकडं फुटबॉलचे संघही तालमींचेच, तर आमच्या तालमीच्या संघाच्या जर्स्या आमच्याच मशीनवर शिवल्या जायच्या. मी मात्र कधी खेळलो नाही, गोलच्या मागं बसून बॉल तेवढा आणून द्यायचो. मी लहानपणापासून भित्रा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला शूर-बिर समजायला नको. बॉल अंगावर आला की मी डोळे मिटायचो. खंडेनवमीला आमच्या तालमीत बॉल, बूट, गोलचं जाळं, सगळं पाटावर मांडून त्याला हळदकुंकू लावायचे, फूल वाहायचे, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. हे तेवढं ध्यानात ठेवा, माझं सगळं त्यातच अडकलं.

टायपिंग शिकलो, इंग्लिशची परीक्षा पास झालो, आणि ते आखातातलं युद्ध संपल्यावर एका एजंटामार्फत दुबईला आलो. तिथल्या देरा भागात खाडीजवळ शिपिंगचं ऑफिस, मी तिथं टायपिस्ट. पहिली तीन वर्षं एका खोलीत सहा जण राहिलो, मग शारजात एक खोली-किचन घेऊन बायकोला, सुमनला बोलावलं, पोरगी केतकी तेव्हा दोन वर्षांची. रोज सकाळी शारजातल्या रोल्याहून शेअर टॅक्सीनं दुबई आणि संध्याकाळी परत. आणि रोज भीती. तुम्ही म्हणाल कसली, तर व्हिसाची. व्हिसा कंपनीचा, पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, बायको-पोरीचा व्हिसा माझ्या व्हिसावर, म्हणजे एकाचं गेलं की तिघांचं गेलं. आमच्यात थॉमस म्हणून केरळचा माणूस होता, माझ्या शेजारच्या टेबलाला, त्यानं एका कागदावर चुकीचा कंटेनर नंबर घातला, माल खोर फक्कानच्या बंदरात अडकला, आठ दिवसांत थॉमस घरी. जाताना टेबलावर त्याचा चहाचा कप तसाच राहिला, मी तो कित्येक महिने उचलला नाही. उचलला की आपला नंबर लागणार असं वाटायचं, हसू नका.

आमचे मॅनेजर पेंडल साहेब, इंग्रज. आवाज कधी चढवायचे नाहीत आणि त्याचीच मला जास्त धास्ती. ओरडणारा माणूस कळतो तरी. एकदा त्यांनी मला पेपरातलं फुटबॉलचं पान वाचताना पकडलं, मी ताडकन उभा राहिलो, ते म्हणाले बस, कुठला तू, मी सांगितलं आमच्याकडं पेठापेठांत संघ आहेत, तर खुर्ची ओढून बसलेच. मग कळलं की साहेबांचं गाव समुद्रकाठचं, लहानसं, आणि त्यांचे वडील तिथल्या फुटबॉल क्लबचे चाळीस वर्षं सेक्रेटरी. म्हातारे आता आंधळे झालेले, अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांची एकच इच्छा, क्लबचा इतिहास पुस्तकात यावा. साहेब लिहिणार आणि टाईप मी करणार. त्यासाठी ऑफिसचा जुना कॉम्प्युटर माझ्या घरी पाठवला, बघा, शारजाच्या आमच्या एवढ्याशा खोलीत.

आणि काय तो इतिहास, ताई. मैदान समुद्राला एवढं लागून की वारा सुटला की बॉल थेट पाण्यात. मग क्लबनं एक बोटवाला ठेवलेला, मॅच चालू असेपर्यंत तो बोटीत बसून, बॉल पडला की वल्हवत जायचा आणि आणून द्यायचा. एका हिवाळ्यात समुद्र मैदानात शिरला, गोलचे खांब वाहून गेले, तर कोळ्यांनी शिडाच्या काठ्या रोवून मॅच खेळली. प्रेक्षकांची लाकडी माडी जळाली तेव्हा गावातल्या बायकांनी केक विकून नवी उभी केली. मी टाईप करताना सुमनला मोठ्यानं वाचून दाखवायचो, ती भाकरी थापता थापता म्हणायची, अहो हे तर आपल्या पेठेसारखंच की. मला सगळ्यांत आवडायचा तो बोटवाला. पुस्तकभर बोटवाला, बोटवाला, नाव कुठंच नाही. मी गोलच्या मागं बसून बॉल आणून देणारा पोरगा होतो ना, म्हणून असेल.

अर्धंअधिक पुस्तक झालं, पण पहिलं पान राहिलेलं. त्यासाठी साहेबांनी मूळ वही दिली, क्लबची पहिली हजेरी-वही, शंभर वर्षांच्या वरची, शाईनं लिहिलेली. झेरॉक्स काढू नको म्हणाले, मशीनवर दाबली की शिवण उसवेल, कव्हरात ठेव, टाईप कर आणि आणून दे. आणि मग, ते काही हसून बोलले नव्हते, म्हणाले, दिनकर, याची दुसरी कॉपी जगात नाही.

ते दिवस नेमके नवरात्राचे. खंडेनवमीला मी बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून झेंडूची फुलं आणली, पाच दिरहमची, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ पन्नास रुपये, सुमन म्हणाली सोन्याची आहेत काय. पाटावर कॉम्प्युटरचा कीबोर्ड ठेवला, सुमनची सुरी, विळी, केतकीची पाटी. आणि माझं लक्ष त्या वहीकडं गेलं. मनात आलं, ही एका फुटबॉल संघाची मूळ वही, आमच्या तालमीत बॉलला मान देतो, मग हिला नको? पहिलं पान उघडलं, अकरा नावं होती, खाली कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं, त्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. वाईट काही मनात नव्हतं, देवाशप्पथ. फूल मी धुऊन घेतलेलं, ते ओलंच होतं, हे काही डोक्यात आलं नाही. आणि उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून रात्रभर तसंच राहिलं.

दसऱ्याला सकाळी फूल उचललं. पाणी झिरपून शाई आणि कुंकू एक झालेलं, शेवटच्या ओळीवर लालनिळा डाग, अकरावं नाव गेलेलं. मी घाबरून ओल्या कापसानं टिपायला गेलो तर होतं नव्हतं तेही पुसलं गेलं. कागद तेवढा खरबरीत राहिला. नाव आठवायला बसलो, आदल्या दिवशी वाचलेलं होतं हो, पण भीतीनं डोकं असं बंद होतं की मला त्या वेळी सासऱ्यांचं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. सुमन म्हणाली, आत्ता फोन करा आणि साहेबांना सांगा. मी म्हणलं, तू थॉमसला ओळखत नव्हतीस. ती म्हणाली, मी तुम्हाला ओळखते, तुम्ही हे दडवाल आणि रोज मराल. तसंच झालं.

मी काय केलं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. वहीच्या पुढच्या पानांवर दुसऱ्या मॅचची नावं होती, त्यातलं एक पहिल्या यादीत नव्हतं, बार्लो म्हणून, ते उचललं आणि अकरावं म्हणून टाईप केलं. कुणाला कळणार, शंभर वर्षांपूर्वीची माणसं. वही कव्हरात घातली, चिकटपट्टी लावली, साहेबांना दिली, त्यांनी न उघडता कपाटात ठेवली. ज्या कपाटात माझा पासपोर्ट, त्याच कपाटात. त्यानंतर साहेब त्या कपाटापाशी गेले की मी टायपिंग सोडून त्यांच्या हाताकडं बघत बसायचो. घरी ऑफिसच्या शिपायाचा फोन आला तरी मी सुमनला उचलायला लावायचो. केतकी बालवाडीत जायला लागलेली, तिचा युनिफॉर्म शिवून आला, आणि मी तो बघून विचार करतोय की हा हिच्या अंगाला दोन महिने तरी लागेल का.

मग तो गुरुवार. गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस, सगळे गेले की साहेब इंग्लंडला वडलांना फोन लावायचे, स्पीकरवर, आणि टाईप केलेलं वाचून दाखवायचे, मी समोर कागद घेऊन बसायचो. त्या दिवशी पहिलं पान निघालं. साहेब नाव वाचायचे आणि तिकडून म्हातारे त्यांच्याबरोबर म्हणायचे, पाठ होतं सगळं, आपल्याकडं म्हातारी माणसं सकाळी स्तोत्र म्हणतात ना, तशा चालीत. एक, दोन, तीन, दहापर्यंत दोघांचा आवाज बरोबर. आणि अकराव्याला साहेब म्हणाले बार्लो आणि म्हातारे म्हणाले टिली.

साहेब म्हणाले, डॅड, इथं बार्लो आहे. म्हातारे म्हणाले, नाही, नेड टिली, तो आपला बोटवाला, पहिल्या दिवशी एक माणूस कमी पडला म्हणून त्याला बोटीतून हाक मारून घेतलं, ओल्या बुटांनी खेळला, तेवढी एकच मॅच, पुढं वादळात बोट गेली ती आलीच नाही, त्याला ना बायको ना पोरं, त्याचं नाव त्या एका पानावर आहे. साहेब हळू आवाजात म्हणाले, डॅड, वहीवरून टाईप केलंय. आणि मग म्हातारे म्हणाले, असेल बाबा, वहीत आहे तर तेच खरं, माझंच डोकं आता गेलं असेल, इतकी वर्षं मी चुकीचं सांगत आलो.

ताई, मी त्या वेळी गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. साहेब पुढचं पान काढायलाच लागले होते. पण तो म्हातारा आंधळा, त्याच्याकडं डोळे नाहीत, पाय नाहीत, आठवण तेवढी धड होती, आणि ती मी त्याच्याकडून काढून घेत होतो. शिवाय तो बोटवाला. माझाच बोटवाला, आणि मीच त्याला पुसलेला. मी उभा राहिलो, टेबल धरलं, आणि म्हणलं, सर, युवर फादर इज राइट. आय स्पॉइल्ड द बुक.

साहेबांनी कपाट उघडलं. वही काढली, चिकटपट्टी नखानं सोडवली, पान बघितलं. माझ्याकडं बघितलंच नाही. विचारलं, हे लाल काय आहे. मी सांगितलं, मोडक्या इंग्लिशमध्ये, की आमच्याकडं हत्यारांना, बॉलला, बुटांना वर्षातून एक दिवस मान देतात, तसा मान द्यायला गेलो. तिकडून म्हातारे विचारत होते, काय म्हणतोय तो, काय म्हणतोय. साहेबांनी सांगितलं. म्हातारे म्हणाले, त्याला म्हणावं लिही. आणि त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, टी, आय, डबल एल, वाय, दोनदा सांगितलं, आणि मी लिहून घेतलं. अक्षर असं वेडंवाकडं आलं की माझं मलाच वाचवेना. मग साहेब मला म्हणाले, घरी जा. एवढंच.

तो शुक्रवार मला विचारू नका. सुमननं माळ्यावरची बॅग काढून पुसली, परत वर ठेवली, परत काढली. शनिवारी ऑफिसात गेलो, कुणी काही म्हणालं नाही. रविवारीही नाही. मी वाट बघत राहिलो आणि कुणी कधीच काही म्हणालं नाही. पण साहेब परत कधी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले नाहीत, पुस्तकाची राहिलेली पानं त्यांनी स्वतः टाईप केली, दोन बोटांनी, मला केबिनच्या काचेतून दिसायचं. म्हातारे त्याच थंडीत गेले. पुस्तक त्यांच्या हातात पडलं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. व्हिसा दर वेळी रिन्यू व्हायचा आणि दर वेळी मला वाटायचं, या वेळी नाही.

दोनेक वर्षांपूर्वी साहेब रिटायर होऊन गेले. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर पाकीट ठेवलं आणि हात मिळवला. आत पुस्तक होतं. पहिल्याच पानावर त्या जुन्या पानाचा रंगीत फोटो, माझ्या कुंकवाच्या डागासकट, काही झाकलेलं नाही, काही लिहिलेलं नाही. आणि खाली छापलेली अकरा नावं, अकरावं टिली. मी ते पाकीट घेऊन बाथरूममध्ये गेलो आणि रडलो, खोटं कशाला सांगू.

आता खंडेनवमीला ते पुस्तक मी पाटावर मांडतो, मिटून, वर प्लास्टिक घालून, आणि फूल चार बोटं लांब ठेवतो. अकरा नावं मोठ्यानं म्हणतो, शेवटून सुरुवात करतो, आधी टिली. केतकी आता मोठ्या शाळेत, ती म्हणते, बाबा, डू यू इव्हन नो दीज पीपल? मी म्हणतो, एकाला ओळखतो. भीती काही गेली नाही, ताई, ती आता अंगाचीच झालीय. पण त्या गुरुवारी मी डोळे मिटले नाहीत, तेवढं एक आहे.

तुमचं भलं होवो, एवढा वेळ ऐकलंत. लिहिलंय ना माझं नाव पहिल्या पानावर? मग तो चहाचा कप जरा वहीपासून लांब ठेवा.