खिशातला चष्मा

मी, खाली सही करणारा, वय ४१ वर्षे, व्यवसाय चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचा, राहणार बागेसमोरची सहामजली इमारत, तिसरा मजला. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी व मुलीसह नऊ वर्षांपासून राहतो. मूळचा कुठला, असे विचारल्यावरून सांगतो की, याच शहरातला. त्याआधीचा कुठला, असे विचारल्यावरून सांगतो की, आईवडीलही याच शहरातले; आजोबा कामासाठी बाहेरून आले होते. इमारतीत आमच्या कातडीच्या रंगाचे दुसरे कुटुंब नाही.

आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्याशी माझे भांडण किंवा वैर नाही. आम्ही राहायला आलो त्या वर्षी एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो. बाईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली व विचारले, "कोणाकडे काम आहे?" मी म्हणालो, "घरी चाललोय, तिसऱ्यावर." त्या पहिल्याच मजल्यावर उतरल्या व तिथून वर जिन्याने गेल्या. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखत असत.

तेव्हापासून लिफ्टमध्ये एकटी स्त्री असेल तर मी आत जात नाही. तसे तोंडावर सांगता येत नाही. म्हणून काहीतरी विसरल्यासारखे दोन्ही खिसे चाचपतो, "तुम्ही व्हा पुढे" म्हणतो आणि जिन्याने जातो. पत्नी यावरून थट्टा करते. "असे खिसे चाचपत मागे सरता, चोराच्या मनात चांदणं वाटेल कुणालाही," असे ती म्हणते.

दुकानातही माझ्या काही सवयी आहेत. तपासताना गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याजवळ जावे लागते. म्हणून हात लावण्याआधी सांगतो: आता हनुवटी टेकवा, आता मी पापणी उचलतो. तरी काही जण श्वास रोखून धरतात. काही जण विचारतात, "मोठे डॉक्टर कधी येणार?" मी "मीच तो" म्हणतो. परवा एका गृहस्थांनी, "काय शुद्ध बोलता हो, कुठे शिकलात?" असे विचारले. मी "आईकडे" म्हणालो. ते हसले, मीही हसलो. याचा प्रकरणाशी संबंध काय, असे विचारल्यावरून सांगतो की, अशा सवयी कशा लागल्या हे मला विचारण्यात आले होते.

आज संध्याकाळी सातच्या सुमारास मी दुकानातून घरी आलो. तळमजल्यावर लिफ्टचे दार उघडे होते. आत बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी नेहमीप्रमाणे खाली पाहिले, खिसे चाचपले, "तुम्ही व्हा पुढे" म्हणालो. त्यांनी उत्तर दिले नाही. त्या बहुतेक वेळा देत नाहीत. दार मिटले. त्यांचा चेहरा पाहिला का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणाऱ्या माणसाला चेहरा कसा दिसला नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, लिफ्टमध्ये मी बघत नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असताना वरून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मी धावत पाचव्या मजल्यावर गेलो. लिफ्टचे दार मिटत होते, बाईंच्या पायाला लागून पुन्हा उघडत होते. त्या कुशीवर पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. पर्समधल्या वस्तू सांडल्या होत्या.

मी आधी समोरच्या काकूंची घंटा वाजवली. बाईंना हात लावण्याआधी घंटा का वाजवली, असे विचारल्यावरून सांगतो की, आपल्यासोबत कोणीतरी असावे असे वाटले. त्यावर जबाब लिहून घेणारे अंमलदार म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला?"

काकूंनी साखळी न काढता दार उघडले. मी म्हणालो, "काकू, बाई पडल्यात, जरा बाहेर या." त्या म्हणाल्या, "तुम्ही काय करताय इथे?" आणि दार लावून घेतले. त्यांनी आतून फोन केला तो पोलिसांना, हे मला मागाहून कळले. रुग्णवाहिका मी बोलावली. मग लिफ्टच्या दारात गुडघे टेकले, "बाई, आता मी मानेखाली हात घालतो," असे सांगितले व माझा कोट घडी करून त्यांच्या डोक्याखाली ठेवला. बाईंनी डाव्या हाताने माझी बाही धरली व धरूनच ठेवली.

शेजारी त्यांचा चष्मा पडला होता. एक काडी वाकली होती. कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून मी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. आमच्या धंद्यातला माणूस चष्मा जमिनीवर पाहू शकत नाही. हात आपोआप जातो, विचार नंतर येतो. खिशात ठेवायला नको होता.

पोलीस आले तेव्हा बाईंच्या मुठीतून माझी बाही सोडवून मला उभे करण्यात आले. झडतीत चष्मा निघाला. तेवढ्यात, काकूंनी कळवल्यावरून, बाईंचे चिरंजीव वर आले. ते म्हणाले, "म्हाताऱ्या बाईचा चष्मासुद्धा सोडला नाहीस? अजून काय काय कोंबलंयस खिशात?" मी सांगितले की, दुसऱ्या खिशात माझ्या घराची किल्ली आहे. ती कोणत्या घराची हे पाहण्यासाठी पोलिसांनी तिसऱ्या मजल्यावर जाऊन लावून पाहिली. दार उघडले. मुलगी आत अभ्यास करत होती.

तळमजल्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण मला इथे दाखवण्यात आले. मी लिफ्टशी थांबतो, खिसे चाचपतो, मागे सरतो व जिन्याकडे वळतो, असे त्यात दिसते. तो मीच आहे. बघणाऱ्याला काय वाटेल ते मला कळते. दार मिटताना बाईंनी माझ्या दिशेने हात पुढे केलेलाही त्यात दिसतो. तो मला तेव्हा दिसला नव्हता. तेवढा भाग मी पुन्हा दाखवायला सांगितला व पाहिला.

बाई शुद्धीवर आहेत, पण त्यांना बोलता येत नाही, असे मला सांगण्यात आले. सकाळी रुग्णालयात त्यांना माझा फोटो दाखवून, या माणसाने काही केले का, असे विचारणार आहेत. मान हलवून त्या जे सांगतील त्यावर पुढचे ठरेल. तोवर मला ठाण्यातच थांबायचे आहे. पत्नी बाहेर बाकावर बसली आहे. तिला घरी जायला सांगावे.

माझी विनंती अशी की, फोटो दाखवण्याआधी बाईंना त्यांचा चष्मा द्यावा. तो सध्या पाकिटात सीलबंद आहे. काचा जाड आहेत. चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचा माणूस त्यांना नुसता काळसर डाग दिसेल आणि त्या डागाबद्दल त्या काय सांगतील, याची मला भीती वाटते. चष्मा लावल्यावर काय सांगतील, हेही मी सांगू शकत नाही. काडी वाकलेली असल्याने तो नाकावर बसणार नाही. पाकीट उघडल्यास ती काडी मी इथेच, पंचांसमोर, दोन्ही हात टेबलावर दिसतील असे ठेवून सरळ करून देईन.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. "काळसर डाग" खोडून "अंधूक" लिहू का, असे अंमलदारांनी विचारले. मी म्हणालो, राहू द्या.