खांबाखालचा कोहळा

जन्म माझा कुंभकोणचा, अरसलार नदीच्या काठचा. घरात आपली मराठी, उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. अप्पांची परिसल होती, म्हणजे वेताची गोल नाव. तेव्हा पूल नव्हता, नाचियार्कोविलच्या पितळी समया, भाताची पोती, नव्या नवऱ्या, सगळं नावेतून आमच्याच पायऱ्यांना लागायचं. मग पुलाचं काम निघालं आणि नावाडी दात खाऊ लागले. त्यात कोणी उठवलं की पूल मूल मागतो, खांबाखाली पोर पुरतात. मी पंधरा वर्षांची, अक्कल पैलतीरी ठेवलेली, लगेच खरं मानलं.

तमिळ आडी महिन्याची अठरावी, नदीच्या पूजेचा दिवस, नदी भरलेली, बायका पायऱ्यांवर हळदीचे दोरे नि भात वाहात होत्या, आणि माझी धाकटी बहीण चिन्नी दिसेना. वर पाहते तर काठावर खांबासाठी खणलेल्या खड्ड्याशी एक गवंडी पांढरं गोल काही आपटतोय नि त्यातून लालभडक सांडतंय. काय सांगू तुम्हाला, मी किंचाळले, चिन्नीचं डोकं फोडलं हो!

नावाडी बांबू घेऊन धावले. कुणाचे दात पडले, कुणाचा कान फाटला, चुन्याच्या घमेल्यात रक्त. मी मागे कशाला राहू, पितळी घागर त्या गवंड्याच्या कपाळावर घातली. अप्पांनी त्याचा हात कोपरात काडकन मोडला, दुसरा घाव डोक्यावर उगारला, आणि इतका वेळ तमिळमध्ये गयावया करणारा तो आपल्या मराठीत ओरडला, आई गं, मेलो! अप्पांचा बांबू वरच्या वर थांबला. कुणाचा रे तू? तो म्हणाला, मारून झाल्यावर विचारता?

खड्ड्यात फुटका कोहळा, आत कुंकू भरलेलं. दृष्टीचा कोहळा! घरी दर अमावास्येला मीच फोडायची की तो! आणि चिन्नी पालथ्या नावेखाली नदीचा भात चोरून खात बसलेली.

गवंड्याला अप्पांनी उचलून घरी आणलं. हात वाकडाच जुळला, थापी धरवेना. आई रडली, आता याला मुलगी कोण देणार? मी म्हटलं, मोडला आपण, ठेवूनही आपणच घेऊ. अप्पांनी मला एक सणसणीत ठेवून दिली आणि मुहूर्त काढला. पुढं जन्मभर, भांडणात मी जिंकू लागले की हा बाबा मुकाट्यानं कपाळावरची खोक दाखवायचा, संपलं भांडण.

आता तो नाही. त्याचा पूलही पाडला, नवा बांधतायत. परवा खांबाशी कोहळा फुटला, मी काठी टेकत गेले, लाल चिमूट जिभेला लावून पाहिली. मजूर हसले, पाट्टी, म्हणजे आजी, काय बघता? कुंकूच आहे, म्हटलं. फोडा बाळांनो, तुमचे हात धड राहोत.