सकाळी नऊला दार वाजवणारी नम्रता

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरी आदरणीय सुभद्राताई, नम्रताला मागे वर्षभर जपानला पाठवलेल्या संस्थेचे श्री. उन्मेष, व्यासपीठावरची इतर मान्यवर मंडळी, डिलाईल रोडवरच्या आमच्या जुन्या चाळीतले आणि आता या टॉवरमधले माझे शेजारी, आणि जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती नम्रता राऊळ.

मी राजाराम. चौदाव्या मजल्यावर राहतो. कॉलेजच्या ऑफिसात सदतीस वर्षं नोकरी केली, तिथे निरोपाची भाषणं मीच लिहून द्यायचो. ती वाचायचे दुसरे. त्यामुळे आज उभं राहून बोलताना जरा अवघडल्यासारखं होतंय. सुभद्राताईंनी पाच मिनिटं दिली आहेत. जास्त झालं तर त्यांनी घंटी वाजवावी.

उन्मेषरावांनी मघाशी सांगितलं की परदेशात सेवेला गेलेली मुलं परत येऊन आपल्या वस्तीचं नेतृत्व करतात. खरं आहे. पण ते कसं होतं, हे मी समोरच्या दारातून पाहिलंय, म्हणून मला बोलायचं आहे.

नम्रताचे आजोबा कुशाबा माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मिलमधला माणूस. चाळीत असताना त्यांचं दार दिवसा कधी लागलेलं मी पाहिलं नाही. टॉवरमध्ये आल्यावर सगळ्यांचीच दारं लागली, तशी त्यांचीही. आईवडील बदलापूरला, म्हणून नम्रता शिक्षणासाठी त्यांच्याजवळ असायची. ती वर्षभरासाठी जपानला गेली आणि कुशाबा एकटे उरले. मी लिफ्टकडे निघालो की कधीकधी दारात उभे असायचे. "काय राजाराम, जेवलंस?" विचारायचे. मी हो म्हणायचो आणि लिफ्टमध्ये शिरायचो. मीही एकटाच होतो. बायको गेल्यापासून चार वर्षं. पण दोन एकटी माणसं एकमेकांशी बोलतातच, असं कुठे आहे?

पुढचं मी या सभागृहात आजवर बोललो नाही. एका मंगळवारी सकाळी त्यांच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली मी पाहिली. बुधवारी दोन पिशव्या होत्या. त्याही पाहिल्या. मनात म्हटलं, गेले असतील बदलापूरला. खरं सांगायचं तर तेवढाही विचार केला नाही. लिफ्ट आली, मी खाली गेलो.

बुधवारी दुपारी मला जपानहून फोन आला. "काका, आजोबा दोन दिवस फोन उचलत नाहीत. जरा दार बघता का?" मधे समुद्र असलेल्या मुलीला जे कळलं, ते चार पावलांवरच्या मला कळलं नव्हतं. दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, सोमवारीच गेले असावेत.

नम्रता आली, दिवसकार्य झालं, आणि उरलेले पाच महिने पुरे करायला ती परत गेली. तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नावं ठेवली. स्वतःचा आजोबा असा गेला आणि ही परक्यांचे म्हातारे सांभाळायला निघाली, असं मीही खाली कट्ट्यावर म्हणालो. माझ्यावरचं लक्ष तिच्यावर जावं म्हणून म्हणालो, हे आता कळतं.

ती तिकडे काय करत होती? डोंगरातलं चाळीस घरांचं गाव. तरुण सगळे शहरात, शाळा बंद, घरोघरी एकेक म्हातारं माणूस. हिचं काम जेवणाचे डबे पोचवण्याचं. भाषा येत नव्हती, म्हणून पहिला महिनाभर ही डबा पायरीवर ठेवून पळायची. गावात कुणाला 'नम्रता' म्हणता येत नव्हतं, ती 'भारतातली मुलगी' एवढीच होती. आपलं नाव कुणाच्या तोंडून ऐकावं म्हणून ती आजोबांना फोन करायची. मग डबे जिथून निघायचे त्या केंद्रातल्या एका बाईंनी तिला बसवून सांगितलं, "डबा पोचवायला तुला बोलावलेलं नाही. माणूस बघायला बोलावलंय." त्या दिवसापासून ती प्रत्येक दार वाजवायची आणि आतलं माणूस दिसेपर्यंत उभी राहायची.

परत आली ती तेच करत. सकाळी नऊला माझी बेल वाजली. मी उघडलं नाही. तिच्यासमोर उभं राहायचं तोंडच नव्हतं मला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. चौथ्या दिवशी ती बाहेरून म्हणाली, "काका, दार नका उघडू. आतून नुसतं 'आहे' म्हणा." मी म्हटलं, "आहे." आणि मग मला दार उघडावंच लागलं.

तिथेच, दारात, मी तिला पिशव्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. दोन दिवस पिशव्या तुमच्या दारासमोर लटकत होत्या, हे वॉचमन बोलला होता."

"मग मला काहीच कशी बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दार कायमचं लावून घेतलं असतंत." आणि पुढे म्हणाली, "काका, मला राग आहे. तो जाईल की नाही, माहीत नाही. पण दहावा ते चौदावा मजला उद्यापासून तुमचा. नऊनंतर दूध बाहेर दिसलं तर दार वाजवायचं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. तिने मला काम दिलं. नेतृत्व म्हणतात ते हेच असेल, तर मी ते जवळून पाहिलंय.

आज या टॉवरमध्ये एकटी राहणारी अकरा वयस्कर माणसं आहेत आणि त्यांची दारं वाजवणारी, नम्रताने जमवलेली सोळा मुलंमुली. एप्रिलमध्ये अंबिकाबाई न्हाणीघरात पडल्या, तेव्हा साडेनऊच्या आत त्या हॉस्पिटलच्या वाटेवर होत्या. आता पहिल्या रांगेत बसल्यात आणि माझं बोलणं लांबलं म्हणून काठी आपटतायत.

नम्रता आता राजापूर तालुक्यात चालली आहे. आपल्यातल्या अनेकांची गावं तिथली. आपण इथे आलो आणि मागे घरोघरी एकेक माणूस राहिलं, ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे ती हेच काम उभं करणार आहे. तिला अडवावं असं मला वाटलं, हे कबूल करतो. उद्या समोरच्या फ्लॅटला कुलूप असेल. सगळे मजले फिरून झाल्यावर मी त्या दारापाशी थोडा वेळ उभा राहीन. मग घरी जाऊन चहा करीन, एकट्यापुरता.

नम्रता, गावात पहिले काही दिवस कुणी दार उघडणार नाही. तू थांबशील, हे मला माहीत आहे.

सुभद्राताई, वेळ दिलीत, आभारी आहे. उन्मेषराव, आमची मुलगी सुखरूप परत आणलीत, तुमचेही आभार. आनंदाच्या सभेत मी नको ते बोललो असेन, शब्द कमीजास्त झाले असतील, तर पोटात घाला. कुशाबांजवळ माफी मागायची राहून गेली, म्हणून आज तुम्हा सगळ्यांजवळ मागतो. बसतो.